रक्त थांबत नाही तेव्हा: वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

कारखान्यांचे बॉयलर पेटले आणि फडात कोयते चालू झाले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रंग बदलतो. या वेळी ऊसतोड, यंत्रमाग, मांजा आणि महामार्ग यांवरचीच पत्रं जास्त आहेत. एकाच आशयाची पत्रं एकत्र केली आहेत. उत्तरं अपघात विभागात काम करणारे डॉक्टर आणि प्रथमोपचाराचं प्रशिक्षण देणारे कार्यकर्ते यांनी मिळून लिहिली आहेत.

प्रश्न: आमच्या टोळीतल्या एका गड्याच्या डाव्या पोटरीवर कोयता बसला. गुडघ्याखाली उपरणं घट्ट बांधलं, जखमेवर टॉवेल गुंडाळला. तो भिजला की दुसरा, दुसरा भिजला की तिसरा. रक्त कमी व्हायचं सोडून वाढलंच. गडी वाचला, पण आमचं चुकलं कुठे?
— एक मुकादम, माळशिरस तालुका

दोन जागी चुकलं, आणि दोन्ही चुका सर्रास होतात.

पहिली उपरण्याची. पायाकडे रक्त नेणाऱ्या धमन्या खोल असतात आणि त्यांच्यात दाब भरपूर असतो. परत आणणाऱ्या नीला बऱ्याचशा वरवर असतात, त्यांच्यात दाब नावालाच. नुसत्या हाताने आवळून गाठ मारली की नीला बंद होतात, धमनी चालूच राहते. पायात रक्त येतंय, परतीची वाट मात्र बंद. मग ते जखमेतूनच बाहेर पडणार. बांधल्यावर पाय फुगला, निळसर पडला आणि रक्त वाढलं, तर हेच झालंय असं समजा. असं अर्धवट आवळलेलं कापड न बांधल्याहून वाईट.

दुसरी चूक टॉवेलची. टॉवेल रक्त टिपतो, थांबवत नाही. आपला सोलापुरी टॉवेल तर टिपण्यासाठीच नावाजलेला. तो सैल गुंडाळला की पाव लिटर रक्त सहज पोटात घेतो आणि वरून बघणाऱ्याला वाटतं, फारसं काही गेलं नाही. रक्त थांबतं ते फुटलेल्या नळीवर नेमक्या जागी पडलेल्या दाबाने. दहा टॉवेलांतून तो दाब पसरून जातो.

आता करायचं कसं ते. गड्याला जमिनीवर आडवा करा. बाजेवर किंवा गादीवर नको. खालचं मऊ असलं की तुमचा अर्धा जोर त्यातच जिरतो. पँट किंवा धोतर फाडून जखम उघडी करा. साचलेलं रक्त कापडाने झटकन पुसा आणि रक्त नेमकं कुठून येतंय ते बघा. लांब जखमेत बहुतेक वेळा एखाद-दुसऱ्या ठिकाणाहूनच जोरात येत असतं. स्वच्छ सुती कापडाची तळहाताएवढी, जाड, टणक घडी करून बरोबर तिथे ठेवा. तिच्यावर तळहाताचा मनगटाकडचा भाग ठेवा, त्यावर दुसरा हात, कोपरं ताठ. गुडघ्यांवर बसून अंगाचं वजन टाका. मनगटाच्या जोराने दाबत राहिलात तर दोन मिनिटांत हात भरून येतात.

आणि मग घड्याळ लावून दहा मिनिटं. मध्ये ‘थांबलं का बघू’ म्हणून उचलायचं नाही. रक्ताची गुठळी धरायला ही मिनिटं लागतात. उचललं की ती निघून येते आणि पुन्हा पहिल्यापासून. दाबणारा दमला तर दुसऱ्याने त्याच्या हातावर हात ठेवायचा आणि पहिल्याने खालून हात काढून घ्यायचा.

पहिली घडी भिजली तर तिच्यावर दुसरी ठेवून जोर वाढवा. तीही भिजली तर तिसरी ठेवू नका. हात चुकीच्या जागी आहे, एवढाच त्याचा अर्थ. दोन्ही काढा, पुसा, नळी शोधा, बोटांनीच तिच्यावर दाब द्या आणि मग घडी बसवा. त्यानेही आवरलं नाही तर आवळपट्टा, म्हणजे जखमेच्या वर पीळ देऊन आवळायची रुंद पट्टी. त्याचं उत्तर पुढे आहे.

दहा मिनिटांनी थांबलं तर घडी न हलवता वरून पट्टी बांधा, गाठ घडीच्या बरोबर वर येऊ द्या. मग पायाच्या अंगठ्याचं नख चिमटून सोडा. दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी झालं पाहिजे. पांढरंच राहिलं तर पट्टी जरा सैल करा. पैंजण, जोडवी, घड्याळ, अंगठी आधीच काढून ठेवा, सूज आली की निघत नाहीत. पाय उंच धरल्याने थोडी मदत होते, पण दाबाच्या जोडीला. दाब सोडून नुसता पाय वर धरण्याला अर्थ नाही.

प्रश्न: किती रक्त गेलं म्हणजे धोका? बघून कळतं का?
— शिक्षिका, बार्शी

साठ-सत्तर किलोच्या माणसात साधारण साडेचार ते पाच लिटर रक्त असतं. पाऊण लिटर जाईपर्यंत तो बोलतो, चालतो, ‘मला काही झालं नाही’ म्हणतो. दीड लिटरच्या आसपास रक्तदाब कोसळायला लागतो. म्हणजे बीपी नॉर्मल आहे यावर विसंबायचं नाही. त्याच्या आधी दिसतं ते असं: नाडी भरभर, हातपाय गार आणि घामाने चिकट, ओठ फिके, सारखी तहान, अस्वस्थपणा. आरडाओरडा करणारा माणूस एकाएकी शांत झाला तर वेदना थांबल्या असं समजू नका. मेंदूला रक्त कमी पडतंय.

मुलांचं गणित वेगळं. दहा किलोच्या बाळात जेमतेम ८०० मिली रक्त. त्यातलं पाव लिटर जाणं हे मोठ्या माणसाचं दीड लिटर जाण्यासारखंच. शिवाय मुलं बराच वेळ तग धरतात आणि मग एकदम कोसळतात.

अंदाज यावा म्हणून शाळेत एक प्रयोग करून बघा. अर्ध्या लिटरच्या दुधाच्या पिशवीत पाणी आणि लाल रंग भरा, आणि तीच पिशवी एकदा फरशीवर, एकदा मातीवर, एकदा घडी घातलेल्या चादरीवर ओता. फरशीवर पूर आल्यासारखं दिसतं, चादरीवर नुसता डाग. डोळ्यांनी केलेला अंदाज का फसतो ते मुलांना सांगावं लागणार नाही.

रक्त पिचकारीसारखं उडतंय, जमिनीवर थारोळं होतंय, कपडा बघता बघता भिजतोय किंवा माणूस गुंगीत चाललाय, यातलं एकही दिसलं तर मोजत बसू नका, दाबा. मोठी धमनी तुटली तर तीन ते पाच मिनिटांतही जीव जातो. १०८ ला फोन दुसऱ्याला करायला सांगा. एकटेच असाल तर फोन स्पीकरवर टाकून जमिनीवर ठेवा आणि दाबता दाबता बोला.

प्रश्न: दंडाला दोरी आवळली की हात सडतो म्हणतात. साप चावल्यावरही बांधू नका असं तुम्हीच सांगता. मग रक्तस्रावात पट्टा आवळायचा की नाही?
— वाचक, मंगळवेढा

हात किंवा पाय असेल, आणि जोर लावून दाबूनही रक्त आवरत नसेल, तर आवळायचा. हात-पाय तुटलाच असेल किंवा रक्त पिचकारीने उडत असेल तर दाबून बघण्यात वेळ न घालवता आधी पट्टाच.

सापाचं गणित निराळं. तिथे रक्त वाहून जाण्याचा प्रश्न नसतो. बांधल्याने विष एका जागी कोंडतं, तिथलं मांस खराब होतं, आणि सोडल्यावर ते एकदम पसरतं. तिथे अवयव न हलवता दवाखाना गाठणं एवढंच.

‘हात सडतो’ ही भीती जुन्या युद्धांतली आहे. तेव्हा जखमी सैनिक तासन्‌तास पट्ट्यासह पडून राहत. अलीकडच्या युद्धांत दिसून आलं की पट्टा दोन तासांच्या आत सुटला तर अवयवाचं कायमचं नुकसान क्वचित होतं. सहा तासांच्या पुढे मात्र अवयव वाचणं कठीण. मंगळवेढ्याहून सोलापूर दोन तासांच्या आतलं आहे, तेव्हा हिशेब करा.

पट्टा रुंद हवा, चार-पाच सेंटिमीटर तरी. सुतळी, वायर, नाडा, नायलॉनची दोरी कातडीत रुतते, खालच्या नसा चिरडते आणि तरीही खोल धमनी बंद करत नाही. पँटचा पट्टा रुंद असतो पण ताठ; त्याला पीळ बसत नाही. ओढणी, उपरणं, फेटा किंवा जुन्या साडीचा पदर उत्तम.

जखमेच्या वर, म्हणजे हृदयाच्या बाजूला, पाच ते सात सेंटिमीटर सोडून कापडाची पट्टी दोनदा गुंडाळा. सांध्यावर नको, जखम गुडघ्याला असेल तर मांडीवर, कोपराला असेल तर दंडावर. जखम नेमकी कुठे आहे ते कपड्यांत दिसत नसेल तर मांडीच्या किंवा दंडाच्या अगदी वरच्या टोकाला. एक अर्धी गाठ मारा, तिच्यावर पंधरा-वीस सेंटिमीटरचा मजबूत दांडा ठेवा, त्यावर पूर्ण गाठ मारा आणि दांडा पिळा. खुरप्याची मूठ, पाना, मोठा स्क्रू ड्रायव्हर चालतो. पेन नको, तिसऱ्या पिळाला मोडतं. रक्त थांबेपर्यंत पीळ द्यायचा. थांबलं की दांड्याचं टोक दुसऱ्या कापडाने अवयवाला बांधून टाका, नाहीतर हातातून सुटला की सगळा पीळ उलगडतो.

हे दुखतं. बरोबर लागलेला पट्टा असह्य दुखतो, माणूस ‘सोडा, सोडा’ म्हणून ओरडतो. नेमकं इथेच नातेवाइकांचं मन विरघळतं. सैल करायचा नाही. दर पंधरा मिनिटांनी सैल करून पुन्हा आवळायची जुनी शिकवण आता कोणी देत नाही, कारण प्रत्येक खेपेला गुठळी निघून थोडं थोडं रक्त जातं आणि त्या थोड्या थोड्याची बेरीज जीव घेते. एका पट्ट्याने थांबलं नाही तर तो तसाच ठेवून त्याच्या वर दुसरा लावा. वेळ पट्ट्यावर किंवा जखमीच्या कपाळावर मोठ्या अक्षरांत लिहा, ‘१०.४०’ असं. पट्ट्यावर चादर टाकून तो झाकू नका. दवाखान्यात पोचल्यावर तो तिथे आहे हेच कुणाच्या लक्षात येत नाही.

ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या नकली पट्ट्यांबद्दल दोघांनी विचारलंय. त्यांचा प्लॅस्टिकचा दांडा पिळताना मोडतो किंवा शिवण उसवते. त्यापेक्षा ओढणी आणि पाना बरा.

प्रश्न: बैलाचं शिंग जांघेत घुसलं तर पट्टा कुठे बांधणार?
— खिलार पाळणारे शेतकरी, सांगोला

कुठेच नाही. जांघ, काख आणि मान-खांद्याचा सांधा या जागी पट्टा बसत नाही आणि वरून दाबून खोलवर पोचत नाही. तिथे जखम भरायची, म्हणजे कापड आत कोंबायचं. वाचायला भयंकर वाटतं, पण जांघेतली धमनी फुटली तर दुसरा इलाज नाही.

धोतर किंवा उपरणं फाडून आठ-दहा सेंटिमीटर रुंदीची लांब पट्टी काढा. जखमेतलं साचलेलं रक्त पुसून बोट आत घाला आणि गरम धार जिथून येतेय तिथे बोटाने दाबा. ते बोट न उचलता दुसऱ्या हाताने पट्टीचं टोक त्या बोटाशी न्या, आत रेटा, मग पट्टीवरून बोट बदला, पुन्हा रेटा. असं थरावर थर, तळापासून, पोकळी न ठेवता, कापड कातडीच्या वर येईपर्यंत. मग दोन्ही हात, ताठ कोपरं, अंगाचं वजन, दहा मिनिटं. गाडीत घातल्यावरही हात काढायचा नाही. वरवर बोळा ठेवला आणि खाली पोकळी राहिली तर रक्त त्या पोकळीत भरत राहतं. चुकतं ते बहुधा इथेच.

कापूस वापरू नका, त्याचे तंतू जखमेत चिकटून बसतात. कापड निर्जंतुक नाही याची काळजी त्या घडीला करायची नाही. जंतुसंसर्गावर औषध आहे. किती तुकडे आत घातले ते मात्र डॉक्टरांना सांगा.

छाती आणि पोट यांत कधीही काही कोंबायचं नाही. छातीची जखम हवा आत-बाहेर करत असेल तर ती घट्ट बंद करू नका. आत हवा कोंडून फुप्फुस दबतं. पोटातून आतडं बाहेर आलं असेल तर आत ढकलू नका, स्वच्छ पाण्यात भिजवलेलं कापड त्यावर हलक्या हाताने ठेवा आणि गुडघे दुमडून झोपवा.

प्रश्न: यंत्रमागाच्या चाकात बोट तुटलं तर ते जोडता येतं का? न्यायचं कशात? आमच्याकडे बोटाला सूत गुंडाळायची पद्धत आहे.
— यंत्रमाग कामगार, नीलम नगर

आधी मोटर बंद. हात चाकात अडकलेला असेल तर ओढायचा नाही. मोटरचा पट्टा उतरवून चाक हाताने उलटं फिरवा. ओढल्याने शिरा आणि स्नायूंच्या दोऱ्या मुळापासून उपटून येतात, आणि उपटलेलं बोट जोडणं साफ कापलेल्या बोटापेक्षा कितीतरी अवघड.

सूत गुंडाळणं बंद करा. ताण्याचा दोरा बोटाच्या मुळाशी चार वेढे घेऊन बांधला की रक्त थांबतं खरं, पण तो कातडीत रुतून दिसेनासा होतो, वरून पट्टी बसते आणि दोन दिवसांनी काळं पडलेलं बोट उघडतं. बोटाच्या रक्तवाहिन्या दोन्ही कडांनी जातात. अंगठा आणि तर्जनीने बोटाचं मूळ दोन्ही कडांनी चिमटीत धरा आणि दुसऱ्या हाताने जखमेवर कापड दाबा. बहुतेक बोटं यात थांबतात. पूर्ण तुटलेल्या बोटातून अपेक्षेपेक्षा कमी रक्त येतं, कारण तुटलेली धमनी आकसून आत ओढली जाते. अर्धवट कापलेली आकसू शकत नाही, म्हणून अर्धवट जखम जास्त वाहते. लोंबणारं बोट कापून वेगळं करू नका, ते कातडीच्या एवढ्याशा पुलावरही जगू शकतं.

तुटलेला तुकडा शोधा, कितीही चेंगरलेला दिसला तरी. ग्रीस किंवा सुताचे तंतू लागले असतील तर स्वच्छ पाण्याने फक्त विसळा, घासू नका. सलाईनने ओलसर केलेल्या, पिळून काढलेल्या गॉजमध्ये किंवा स्वच्छ कापडात गुंडाळा. ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा. दुसऱ्या पिशवीत किंवा डब्यात निम्मा बर्फ, निम्मं पाणी घ्या आणि त्यात पहिली पिशवी ठेवा. बर्फ थेट बोटाला लागला तर पेशी गोठून मरतात, मग कुणीही जोडू शकत नाही. स्पिरिट, डेटॉल, नुसतं पाणी, दूध यांत टाकू नका. दूध तुटलेल्या दातासाठी असतं. ही गल्लत फार होते.

असं थंड ठेवलेलं बोट चोवीस तासांपर्यंत जोडण्याजोगं राहू शकतं, थंड न करता ठेवलं तर बाराएक तास. हात मनगटाच्या वर तुटला असेल तर त्यात स्नायू असतात आणि वेळ याच्या निम्मा धरा. सूक्ष्म रक्तवाहिन्या जोडणारे सर्जन सगळीकडे नसतात. निघण्याआधी फोन करून ‘बोट जोडणारे प्लॅस्टिक सर्जन आत्ता आहेत का’ असंच विचारा. रुग्णाला चहा-पाणी काही नको, भूल द्यायची असते.

धोटा उडून डोळ्याला लागला असेल तर यातलं काहीही करू नका. डोळ्यावर दाब अजिबात नको. कागदी कपाचा बूड उलटा ठेवून वरून पट्टी बांधा आणि थेट नेत्रविभाग.

प्रश्न: हळद, चुना, दगडी पाला, कॉफी पावडर, राख. यातलं काय चालतं?
— गृहिणी, जोडभावी पेठ

वाहत्या जखमेवर काहीही नाही. पिचकारी उडत असताना हळदीची पूड तिथे टिकतच नाही, वाहून जाते, आणि डबा शोधण्यात दोन मिनिटं जातात ती वेगळीच. चुना मांस भाजतो. राख, माती आणि शेणाबरोबर धनुर्वाताचे जंतू येतात. दगडी पाला चुरगळून खरचटल्यावर लावला तर फार बिघडत नाही, पण खोल जखमेत गेलेला चोथा डॉक्टरांना एकेक काढून जखम धुवावी लागते आणि टाके घालायला उशीर होतो. धनुर्वाताचं इंजेक्शन मात्र विसरू नका; शेवटचं कधी घेतलं ते आठवत नसेल तर डॉक्टरांना तसंच सांगा.

‘रक्त थांबवायची गोळी’ मेडिकलमधून आणून देणारेही आहेत. ते औषध मोठ्या जखमेत शिरेतून दिलं जातं, तीन तासांच्या आत दिलं तरच उपयोगी पडतं आणि द्यायचं की नाही हे डॉक्टर ठरवतात. घरी गोळी चारण्याचा फायदा नाही, उलट पोट रिकामं राहत नाही.

प्रश्न: पुणे-सोलापूर रस्त्यावर अपघात दिसला. थांबलो तर पोलिसांचं लफडं मागे लागतं, ही भीती. आणि मांडीत काच घुसली असेल तर काढायची का?
— ट्रकचालक, टेंभुर्णी

भीती जुनी आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १३४अ घातलं गेलं. मदत करणाऱ्यावर, चांगल्या हेतूने केलेल्या मदतीसाठी दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. नाव-पत्ता सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती नाही. त्याआधी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अशाच मार्गदर्शक सूचना मान्य केल्या होत्या.

गाडी अपघाताच्या मागे उभी करा, चारही इंडिकेटर लावा. दुसरी धडक बघायला गेलेल्यांनाच बसते. १०८, ११२ किंवा राष्ट्रीय महामार्गाची १०३३ यांपैकी एक लावा आणि किलोमीटरचा दगड, पुण्याकडची बाजू की हैदराबादकडची, तेवढं नीट सांगा.

काच, सळई, लाकूड काहीही आत असेल तर काढू नका. तीच वस्तू फुटलेली नळी बुजवून बसलेली असते. दोन्ही बाजूंना कापडाच्या गुंडाळ्या वस्तूच्या उंचीइतक्या रचा, दाब त्यांच्यावर द्या, आणि वस्तू हलणार नाही असं बांधा.

रक्त बाहेर दिसत नाही म्हणून सुटलो असं नाही. मांडीचं हाड मोडलं तर एक-दीड लिटर रक्त मांडीतच साचतं, कमरेचं हाड मोडलं तर त्याहून जास्त. मांडी फुगलेली, ताणलेली, पाय वाकडा दिसला तर उचलून बसवू नका. आहे त्या स्थितीत दोन्ही पाय एकत्र बांधून, आडवंच ठेवून न्या. दुचाकीवर मध्ये बसवून तर नकोच.

तहान लागली म्हणून पाणी मागतील. ओठ ओले करा, प्यायला देऊ नका. आणि अंगावर चादर टाका, सोलापूरच्या मे महिन्यातसुद्धा. रक्त गेलेला माणूस गार पडतो, आणि अंग गार पडलं की रक्त गोठण्याची क्रिया मंदावते, मग जखम आणखी वाहते. ओले कपडे काढा, खालीही एक चादर घाला. तापलेल्या डांबरावर असेल तर तिचा दुहेरी उपयोग.

प्रश्न: दुचाकीवर जाताना मांजाने गळा कापला तर?
— पालक, होटगी रस्ता

नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली. तो तरीही मिळतो हा वेगळा विषय. माणसाला ताबडतोब आडवा करा. बसलेला असेल तर मानेच्या फाटलेल्या नीलेतून हवा आत ओढली जाऊ शकते आणि ती हृदयापर्यंत पोचली तर जीव जातो. ज्या बाजूने रक्त येतंय त्याच बाजूला, जखमेवर, बोटांनी दाबा. श्वासनळीवर नको, दोन्ही बाजू एकदम नको, मेंदूचा पुरवठा तुटतो. गळ्याभोवती पट्टी गुंडाळायची नाही. बांधायचीच वेळ आली तर जखमेवर घडी ठेवून पट्टी विरुद्ध बाजूच्या काखेतून फिरवून आणा.

प्रश्न: वडील तीस वर्षं मागावर उभे राहिले. पायाच्या शिरा फुगल्यात. परवा आंघोळ करताना घोट्याजवळून एकदम धार लागली, दुखलं काहीच नाही. पोटरीला रुमाल बांधला तरी थांबेना.
— वाचक, अशोक चौक

रुमाल बांधल्यामुळेच थांबेना. ही नीला आहे, धमनी नव्हे. वर बांधलं की तिच्यातला दाब वाढतो. आडवं झोपवायचं, टाच भिंतीला लावून पाय हृदयापेक्षा उंच करायचा आणि दोन बोटांनी भोकावर दाबायचं. पाच-दहा मिनिटांत थांबतं, कितीही धार असली तरी. मग पाय उंच ठेवूनच पट्टी. एवढी सोपी जखम, तरीही माणसं यात दगावतात, कारण ती खुर्चीवर पाय खाली सोडून बसून राहतात किंवा मोरीत उभी राहून पाणी ओतत बसतात. घरात एकटं म्हातारं माणूस असेल तर धोका अधिक. ही शीर पुन्हा फुटणार, तेव्हा आठवड्याच्या आत सर्जनला दाखवा.

वडील ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफॅरिन अशा रक्त गोठू न देणाऱ्या गोळ्या घेत असतील तर दाब दहाऐवजी वीस मिनिटं धरा आणि गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका.

प्रश्न: उन्हाळ्यात मुलाचा घोळणा फुटतो. कांदा हुंगवायचा ना?
— आई, अक्कलकोट

हुंगवा, पण नाक धरून. पुढे वाकवून बसवा, नाकाचा मऊ भाग, हाडाच्या खालचा, दोन बोटांत घट्ट धरा आणि दहा ते पंधरा मिनिटं सोडू नका. तोंडाने श्वास, घशात आलेलं रक्त थुंकायचं. डोकं मागे टाकलं की रक्त पोटात जातं आणि थोड्या वेळाने उलटी होते. घरच्यांना वाटतं पोटातून रक्त आलं. अर्ध्या तासात थांबलं नाही किंवा डोक्याला मार लागून आलं असेल तर दवाखाना. कोरड्या हवेत रात्री नाकपुडीच्या आतल्या कडेला थोडं व्हॅसलिन लावा.

प्रश्न: ट्रॅक्टरमध्ये आणि मागाच्या शेडमध्ये पेटीत काय ठेवावं? आणि दुसऱ्याचं रक्त हाताला लागलं तर?
— शेडमालक, अक्कलकोट रस्ता

दहा सेंटिमीटर रुंदीच्या चार रोलर पट्ट्या, गॉजची मोठी पाकिटं, मीटरभर मांजरपाटाचे दोन त्रिकोण, बोथट टोकाची कात्री, सलाईनची एक बाटली, हातमोज्यांचे चार जोड, जाड मार्कर, दोन रिकाम्या प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि बोटभर जाडीचा लाकडी दांडा. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने दीडशे कामगारांमागे एक पेटी सांगितली होती. तुमच्याकडे दहाच माणसं असली तरी पेटी ठेवा, आणि कुलूप लावू नका. किल्ली ज्याच्याकडे असते तो नेमका जेवायला गेलेला असतो.

हातमोजे नसतील तर स्वच्छ पिशवी हातात घाला. अखंड कातडीवर रक्त लागलं तर साबण-पाण्याने धुतलं की पुरे. तुमच्या हातावर चीर असेल किंवा रक्त डोळ्यात उडालं असेल तर धुऊन त्याच दिवशी, शक्यतो दोन तासांत, सिव्हिलला जा. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं ७२ तासांच्या आतच सुरू करावी लागतात. हिपॅटायटीस बी ची लस झालीय का, तेही तिथेच सांगा.